वरचे चार दात

माझ्या तोंडात आज चोवीस दात आहेत. बत्तीस म्हणायची पद्धत आहे, पण मागच्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी ते मोजले तेव्हा एकोणतीस भरले. त्यांतले पाच काढले. त्या पाचांपैकी चार वरचे होते, आणि हे लिहायला बसण्याचं कारण ते चार आहेत.

माझं वय त्रेपन्न. लोणंदच्या कांदा बाजारात मी मापाडी आहे. गोणी काट्यावर चढते, मी आकडा मोठ्यानं सांगतो, दुसरा लिहून घेतो. एकतीस वर्षं हेच काम. मला मधुमेह होऊन सात वर्षं झाली. साखरेचं दुखणं वेगळं आणि दाताचं वेगळं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांची नावं देणार नाही. ती ज्याची त्याला त्याचे डॉक्टर देतील. मला जे उशिरा कळलं तेवढंच सांगतो. त्यात माझी एक चूक आहे. ती झाकून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

वही

मधुमेह निघाला त्या आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली. रोज सकाळी बोट टोचायचं, उपाशीपोटीची साखर लिहायची. सात वर्षांत नऊ दिवस चुकले, तेही एकदा काविळीत. पहिली पाच वर्षं वही मला आवडायची. एकशे वीस, एकशे सव्वीस, एकशे अठरा. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी सात पॉइंट एक यायची. डॉक्टर म्हणायचे, "तुमच्यासारखे पेशंट असते तर मला काम उरलं नसतं."

मग आकडे चढायला लागले. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे बासष्ट, एकशे एकाहत्तर. सरासरी आठ पॉइंट तीनवर गेली आणि सहा महिन्यांनी नऊ पॉइंट चारवर. मी तेच खात होतो. तेवढंच चालत होतो. गोळी वाढली, मग दुसरी गोळी आली. आकडा हलेना.

आमच्या शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, संशय आला.

"खरं सांगा, बाजारात काय खाताय?"

"काही नाही. बिनसाखरेचा चहा."

"मग ही साखर काय आभाळातनं पडतीया? लोकांच्या गोणीचा काटा बरोबर धरता आन् घरात काटा मारताय व्हय?"

आमच्या भागात मापात खोट करण्याला काटा मारणं म्हणतात. मापाड्याला याहून मोठी शिवी नाही. मी ताटावरून उठलो. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती काही न सांगता बाजारात येऊन चहाच्या गाड्याजवळ उभी राहिली. मी तिला पाहिलं, तिनं मला पाहिलं. मी बिनसाखरेचा चहा पीत होतो. ती तशीच परत गेली. संध्याकाळी म्हणाली, "मग आवं, होतंय तरी काय तुमाला?" त्या वेळी तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मला राग बरा वाटला असता.

त्या काळात ब्रश केला की रक्त यायचं. तोंडाला वास यायचा. शालन सांगायची नाही, पण पाठ फिरवून झोपायची. खालचे दोन दात हलत होते. उजवीकडची वरची दाढ ठणकायची. मी लवंग धरायचो आणि डावीकडून चावायचो. यातलं काहीही मी वहीत लिहिलं नाही. साखरेच्या डॉक्टरांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

एकशे चौऱ्याहत्तर आकडे

एका सकाळी गाल सुजून डोळा मिटला, तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉ. शिकलगार मॅडम. वय पस्तिशीचं. माहेर आष्ट्याचं, लग्न होऊन लोणंदला आल्या आणि इथंच दवाखाना काढला.

आधी त्यांनी गळवातला पू काढला. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं आणि खुणा केलेली एक बारीक सळई घेऊन दात आणि हिरडी यांच्यामधली फट मोजायला लागल्या. प्रत्येक दाताला सहा जागी. त्या मोठ्यानं आकडा सांगायच्या आणि नर्सबाई लिहायच्या.

"पाच, सात, सहा. सहा, आठ, सात. चार, पाच, पाच."

मी खुर्चीत उताणा पडून ऐकत होतो. मी जन्मभर दुसऱ्याच्या मालाचे आकडे ओरडले. माझ्या तोंडाचे आकडे कोणी ओरडताना पहिल्यांदा ऐकत होतो. एकोणतीस दात, सहा जागा, एकशे चौऱ्याहत्तर आकडे. तीनपर्यंत चालतं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी मनात मोजत गेलो. पाच किंवा त्याहून जास्त असलेले एकाहत्तर निघाले.

त्यांनी खुर्ची सरळ केली. "काका, साखर आहे ना तुम्हाला? आणि अलीकडे ताब्यात नसेल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तोंड सांगतं की. ह्या सगळ्या हिरड्या आतून सोललेल्या आहेत. सगळी जखम पसरून मांडली तर तळहाताएवढी होईल. तुमच्या तळहातावर वर्षभर पू भरलेली जखम असती तर साखर उतरली असती का?"

"नाही."

"आणि साखर चढली की हिरड्या अजून सडतात. दोघी एकमेकींना धरून वर चढतात. गोळ्या कितीही वाढवा, ही जखम आहे तोवर अवघड."

मी खिशातली वही काढून दाखवली. त्यांनी ती पान-पान पाहिली. इतक्या निगुतीनं ती आजवर कोणी पाहिली नव्हती. मग विचारलं, "ह्यात दात कुठं आहेत?"

मी वही परत घेतली आणि खिशात घातली.

त्यांनी माझ्या साखरेच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, फोनही केला. हे डॉक्टर साठीचे, बोलायला सरळ. पुढच्या भेटीत त्यांनी आधी माझं तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारली आणि म्हणाले, "सहा वर्षं पाय बघतोय तुमचे. तोंडात एकदाही बघितलं नाही. माझं चुकलं." डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात एकदाच ऐकलं. त्या दिवसांत मला मिळालेल्या चांगल्या गोष्टींत ते धरतो.

मी नाही म्हणालो

बहुतेक दात वाचणार होते. आतून सफाई, टाके, औषध. पण पाच जाणार होते. "वरचे चार आणि खालचा एक," मॅडम म्हणाल्या.

"खालचा काढा. वरचे राहू देत."

"का?"

"वरचे दात काढले की नजर जाते."

त्या हसल्या नाहीत. बहुतेक रोज ऐकत असाव्यात. त्यांनी शिरा वेगळ्या कशा, मुळं कुठवर जातात, हे जबड्याचा साचा हातात घेऊन समजावलं. मी मान हलवली आणि उठून घरी आलो. त्यांनी साचा दाखवला होता. मी माझी आई पाहिली होती.

आम्ही आटपाडीकडचे. घरची मेंढरं. माझे वडील, आबा, आज एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत आणि गावी धाकट्या भावाकडे राहतात. मेंढी विकत घेताना आबा आधी तिचं तोंड उघडायचे. अंगठ्यानं ओठ वर करायचे आणि सांगायचे: दोन दाती, चार दाती, सहा दाती. दात पडलेली मेंढी चरत नाही, खंगते आणि पावसाळ्यात जाते. तोंड बघितल्याशिवाय मेंढी खांडात, म्हणजे कळपात, घ्यायची नाही, हा त्यांचा नियम.

चोवीस वर्षांपूर्वी आई अशीच खंगायला लागली. लुगड्याचा घेर सैल पडला. दिवसभर पाणी प्यायची. तिचे वरचे दात हलायला लागले आणि भाकरी चावेना. आबांनी तिला दारात उजेडाला बसवलं, अंगठ्यानं ओठ वर केला आणि म्हणाले, "दात गेल्यात हिचं. म्हून जात न्हाई काय पोटात." दुसऱ्या दिवशी तिला आटपाडीला डॉक्टरकडे नेलं. दोन खेपांत वरचे चार दात काढले.

दहा महिन्यांत आईची नजर गेली. आधी धुरकट, मग डोळ्यांपुढे काळे धागे, मग उजव्या डोळ्यानं काहीच नाही, मग डाव्यानंही. सगळा गाव म्हणाला, वरचे दात काढले म्हणून. आम्हीही म्हणालो. मधे मी तिला सांगलीला डोळ्यांच्या शिबिराला नेलं, आबाही बरोबर होते. तिथून ऑपरेशन न करता परत पाठवलं. मोतीबिंदू नाही म्हणाले. आम्ही धरून चाललो, आता उपाय नाही.

त्यानंतर माझ्या मुलीचं बारसं झालं. आईनं पाळण्यात हात घातला आणि बाळाच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून बोटं फिरवली. "नाक कुनाचं गं, शालन?" तिनं विचारलं. मी बाहेर आलो. आबा ओट्यावर बसले होते. मी त्यांना म्हणालो, "तुमी तिला दात काढाय नेलं नसतं, तर तिनं नात बघितली असती."

पाव्हणे होते. सगळ्यांनी ऐकलं. आबा उठले. घोंगडं खांद्यावर टाकून मेंढरांकडे निघून गेले. बारशाचं जेवले नाहीत.

आई त्यानंतर तीन वर्षं होती. शेवटी अंगावर सूज आली, दवाखान्यात ठेवली, आणि त्या आठवड्यात तिला साखर निघाली. आम्हाला वाटलं, ही आत्ता लागली.

दात काढायला मी नाही म्हणालो, ते या सगळ्यामुळे.

सातारा

मॅडमनी आठ दिवसांनी स्वतः फोन केला. "काका, दातांचं राहू द्या. डोळे कधी तपासलेत?"

"चष्म्याचा नंबर..."

"नंबर नव्हे. पडदा. साखर असणाऱ्यानं वर्षातनं एकदा पडदा तपासायचा असतो. दात काढायच्या आधी तपासून या. म्हणजे नंतर काही झालं तर माझं नाव घेता येईल."

हे शेवटचं वाक्य त्यांनी मापाड्याशी कसं बोलावं हे ओळखून टाकलं होतं. आधीचं वजन, नंतरचं वजन. मला पटलं.

शालनला घेऊन साताऱ्याला गेलो. डोळ्यांत थेंब घातले, चाळीस मिनिटं बाकावर बसवलं. थेंबांनी सगळं पांढरं झालं. शेजारी एक बाई मुलीला विचारत होत्या, "आपला नंबर आला का?" आणि मुलगी दर वेळी सांगत होती, "अजून सहा आहेत." शालननं माझा हात धरला होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. लोकांत तिनं हात धरल्याचं मला आठवत नाही.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पडद्याचा फोटो समोर धरला. नारिंगी गोल, त्यावर लाल ठिपके. डाव्या डोळ्यात कमी. उजव्यात मोजता येऊ नयेत इतके.

"साखरेमुळं आहे. उजव्याला लेझर लागेल. गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते राखता येईल."

मी विचारलं, "हे दातांमुळं असू शकतं का?"

"तुमचे दात काढलेत का?"

"नाही. अजून एकही वरचा काढला नाही."

"मग?"

एवढंच म्हणून ते पुढचा कागद लिहायला लागले. त्यांना कल्पना नव्हती की त्या एका शब्दानं काय झालं. माझ्या वरच्या एकाही दाताला कोणी हात लावला नव्हता आणि माझ्या डोळ्यांपुढे काही महिन्यांपासून काळे धागे तरंगत होते. आईच्या डोळ्यांपुढे तरंगायचे तसे. दात हलत होते, आईचे हलत होते तसे. तहान तीच होती.

बाहेर उन्हात शालननं पदराची घडी करून माझ्या डोळ्यांवर धरली. मी म्हणालो, "शालन, आईला सांगलीला नेलं होतं, तेव्हा त्यांनी एक कार्ड दिलं होतं."

कार्ड

पुढच्या रविवारी गावी गेलो. आबा मेंढरांबरोबर लांब गेले होते. आईची पत्र्याची पेटी माळ्यावर होती. वर लुगडी, खाली रेशन कार्डाची जुनी प्रत, आणि तळाला ते कार्ड. घडीवर फाटलेलं.

डॉक्टरांचं बहुतेक अक्षर लागत नव्हतं, पण आकड्याला अक्षर लागत नाही. साखर तीनशे बारा. खाली मोठ्या सुट्या इंग्रजी अक्षरांत तीन ओळी, त्या मी तेव्हाही वाचू शकत होतो आणि आत्ताही: पडद्यावर रक्तस्राव. आधी साखरेवर उपचार करा. पंधरा दिवसांनी परत आणा.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, बारावी पास. कार्ड माझ्या हातात दिलं होतं. मी ते वाचलं होतं. वाचल्याचं मला आठवतंय. एसटीत आईशेजारी बसून वाचलं आणि खिशात घातलं. परत नेलं नाही. कांद्याचा हंगाम होता, हे खरं आहे, पण कारण ते नाही. कारण असं की नजर का गेली हे आम्हाला आधीच माहीत होतं. दोषी सापडला होता. मग कागद कशाला वाचायचा?

कार्ड उलटं केलं. पाठीवर पेन्सिलीनं माझ्या अक्षरात गोण्यांच्या वजनांची बेरीज होती. कच्चा कागद म्हणून मी ते वापरलं होतं. मी ती बेरीज पुन्हा केली. बरोबर होती.

आबा यायच्या आत मी कार्ड खिशात घातलं आणि लोणंदला परत आलो.

कॅलेंडर

मग दात काढले. तीन खेपांत. आधी साखर थोडी खाली आणली, दोन्ही डॉक्टर फोनवर बोलून दिवस ठरवायचे. सकाळी खाऊन, गोळी घेऊन जायचं; उपाशी जायचं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पहिल्या दिवशी मी शहाणपणानं उपाशी गेलो होतो आणि मॅडमनी मला परत पाठवलं होतं.

सगळं कळूनही भीती गेली नव्हती. ती कळण्याच्या जागी राहतच नाही. खुर्चीसमोर भिंतीवर कॅलेंडर होतं. पहिला वरचा दात काढायच्या आधी मी म्हणालो, "मॅडम, दोन मिनिटं." डावा डोळा झाकून उजव्यानं कॅलेंडर वाचलं: मोठे आकडे दिसत होते, खालची बारीक तिथी नाही. मग उजवा झाकला: तिथीसुद्धा दिसली. ते कागदावर लिहून ठेवलं.

भूल दिली. कट असा आवाज थेट कानात आला. दात निघाल्यावर त्यांनी ट्रेमध्ये ठेवला. मुळावर काळपट हिरवा थर, कुजलेल्या कांद्याच्या बुडासारखा. तोंडात कापूस दाबून मी पुन्हा एकेक डोळा झाकला. उजव्याला मोठे आकडे. डाव्याला तिथीसुद्धा. बोलता येत नव्हतं म्हणून बोटानं खूण केली: तेच. दारात शालन उभी होती. ती हसायला लागली आणि हसता हसता पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

चारही वरच्या दातांच्या वेळी मी हेच केलं. तिसऱ्या दातापासून मॅडम स्वतःच म्हणायच्या, "चला काका, काटा लावून घ्या आधी."

घरी शालननं पंधरा दिवस आंबील आणि मऊ भात दिला. बाजारात हमाल म्हणाले, "मापाडी, आकडा पुटपुटू नका, गोणी कुणाची त्येच कळंना." मी महिनाभर आकडा बोटांनी दाखवला.

तीन महिन्यांनी सरासरी आठ पॉइंट आठ. सहा महिन्यांनी सात पॉइंट सहा. मॅडमनी बजावलं आहे, "हे सगळं दातांमुळं झालं असं कुणाला सांगू नका. गोळ्याही बदलल्या, तुम्ही निगाही राखली. आमचा वाटा थोडा असतो. पण तो कुणी धरतच नाही." म्हणून तसंच लिहितो. वहीत मी एक रकाना वाढवला आहे: रक्त आलं, नाही आलं. दर तीन महिन्यांनी सफाईला जातो. उजव्या डोळ्याला दोनदा लेझर झालं. उन्हात काट्यावरचा आकडा त्या डोळ्याला आता लागत नाही, डाव्यानं वाचतो. गेलेलं आलं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

कार्ड मी एकदा मॅडमना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "मी तुमच्या आईंना तपासलेलं नाही, काका. पण हा आकडा आहे, आणि तुम्ही सांगता ती लक्षणं आहेत." मग म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी बरोबर जागी पाहिलं होतं. माणूस खंगतंय म्हटल्यावर त्यांनी आधी तोंड उघडलं. तेवढं तर अजून कित्येक डॉक्टर करत नाहीत. त्यांच्या पुढं वाचायचं काम दुसऱ्याचं होतं."

दुसरा म्हणजे कोण, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

आबा

तरीही मी आणखी सात आठवडे घालवले. आबांना निर्दोष म्हणायचं तर आधी स्वतःचं नाव घ्यावं लागत होतं. शालन रोज विचारायची, "कवा जाताय?" शेवटी म्हणाली, "ते एक्क्याऐंशीचे हायत. तुमी कुनाची वाट बघताय?"

गेलो तेव्हा आबा बाभळीखाली बसले होते. मेंढरं त्यांनी आता कमी केली आहेत, अकरा उरली आहेत.

"आबा, एक सांगायचंय."

"सांग की. हिकडं बस. त्या दगडावर नगं, तापलाय त्यो."

मी कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना वाचता येत नाही.

"ह्ये काय?"

"आयचं कार्ड. सांगलीच्या शिबिरातलं. आबा, तिची नजर दात काढल्यानं न्हाई गेली. तिला साखर हुती. नजर साखरंनं गेली. दातबी साखरंनंच हालत हुते. मलाबी तसंच झालं. दात काढायच्या आधीच डोळा बिघडला माझा."

"कोण म्हणतंय?"

"डॉक्टर म्हणत्यात. आन् ह्या कार्डावर तवाच लिवलं हुतं. म्या वाचलं हुतं. आन् पेटीत ठिवून दिलं."

त्यांनी कार्डावरून बोट फिरवलं. आईनं बाळाच्या तोंडावरून फिरवलं होतं तसंच, हळू.

"म्हंजी म्या न्हेली म्हून न्हाई?"

"न्हाई."

एक मेंढी येऊन त्यांच्या खांद्याला घासून गेली.

"तू वाचलं हुतंस ते म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "डाक्टरनं तुज्याच हातात दिला कागद. म्या म्हटलं, पोरगं शिकल्यालं हाय. काय आसंल तर सांगंल."

रागानं म्हणाले असते तर मला उत्तर सुचलं असतं. एखाद्या मेंढीचे दात सांगावेत तसं त्यांनी ते सांगितलं. मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत आणि मला उठही म्हणाले नाहीत.

"तिला सांगाय पायजे हुतं रं," मग ते म्हणाले. "ती कवा बोलली न्हाई मला. येका शबदानं न्हाई. पर रोज हात धरून भाईर न्ह्यायचो तिला, तवा वाटायचं, आता बोलंल, आता बोलंल."

गेली कित्येक वर्षं आबा भाकरी दुधात कुस्करून खातात. गालाला फडकं बांधून बसलेलं मी त्यांना किती वेळा पाहिलं आहे. दाताच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की उठून जायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारा भितो.

मी विचारलं, "तुमी दात का न्हाई काढला कवा? दुखत हुतं की."

"दुखायचं की. लय दुखायचं." त्यांनी कार्डाची घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवली. "तिचं तसं झाल्यावर म्या कसा जाऊन बसू त्या खुर्चीत?"

थोड्या वेळानं मी म्हणालो, "आबा, तोंड उघडा. बघू दे मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हजारो मेंढ्यांची तोंडं उघडलेला माणूस. मग त्यांनी तोंड उघडलं. मी मोबाइलची बॅटरी लावली, अंगठ्यानं ओठ वर केला आणि मोजलं. वर तीन, खाली चार. पुन्हा मोजलं.

"सात."

त्यांनी तोंड मिटलं आणि आतून जीभ फिरवली.

"आठ," आबा म्हणाले. "डाव्या अंगाला, पार मागं, येक खुंट हाय. तू नीट बघितलंच न्हाईस."

आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मी पुन्हा पाहिलं. होता.